स्पर्धा-संच (डोमेन-विस्तार)

इंटरनेट पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या (‘डॉट कॉम’सारख्या) एकाच विस्तारासाठी, किंवा दिसायला फसवे साम्य असणाऱ्या विस्तारांसाठी, अनेक कंपन्यांनी अर्ज केले की त्या अर्जांचा होणारा गट. गटातून साधारणपणे एकालाच विस्तार चालवायला मिळतो.

इंटरनेटवरील नावांचे व्यवस्थापन करणाऱ्या आयकॅन संस्थेच्या, नवे विस्तार देण्यासाठीच्या २०१२ च्या फेरीत शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले. त्यांतले त्येंदा (दुकान), बियाखेस (प्रवास), आबोगादो (वकील), फुत्बोल असे स्पॅनिश विस्तार पुढे वापरात आले. फुत्बोलमधल्या ‘यू’वरचे आघातचिन्ह विस्तारात गाळलेले आहे. इंटरनेटच्या नामप्रणालीला चिन्हांकित अक्षरे थेट कळत नाहीत, त्यांचे सांकेतिक रूप करावे लागते. ‘एस्पान्या’ (स्पेन) हे नाव डोक्यावर लहरीचे चिन्ह असलेल्या ‘एन’सह नोंदवले तर साठवण होते ती अशी : एक्स-एन, दोन संयोगचिन्हे, ई-एस-पी-ए-ए, एक संयोगचिन्ह, आर-टी-ए. लहरीचा ‘एन’ शब्दातून निघून जातो. तो कोणता व कुठे होता, हे शेवटच्या तीन अक्षरांत दडलेले असते.

साम्य ठरवण्याची कसोटी सर्वांत वादग्रस्त ठरली. लॅटिन अमेरिकेत प्रवास-आरक्षण करणाऱ्या देस्पेगारने स्पॅनिश ‘ओतेलेस’ आणि पोर्तुगीज ‘ओतेइस’ (दोन्हींचा अर्थ हॉटेल्स) असे दोन्ही शब्द मागितले होते. दुसरा शब्द बुकिंग डॉट कॉमच्या इंग्रजी ‘हॉटेल्स’शी २०१३ मध्ये एका संचात टाकला गेला. रोमन लिपीत ‘हॉटेल्स’ व ‘ओतेइस’ दोन्ही सहा अक्षरी; फरक फक्त पाचव्या जागी, एकात ‘एल’, दुसऱ्यात ‘आय’. उलट ‘हॉटेल’ व ‘हॉटेल्स’ हे एकवचन-अनेकवचन मात्र वेगळे मानले गेले. तज्ज्ञांनी अर्थ किंवा भाषा नव्हे, फक्त अक्षरांची दृश्य ठेवण पाहिली होती. बुकिंगच्या स्वतंत्र पुनर्विलोकनाच्या अर्जावर मार्च २०१५ मध्ये लवादाने आयकॅनच्या बाजूने निकाल दिला. पण प्रक्रियेच्या पारदर्शकतेबद्दल शंकाही नोंदवल्या. त्या शंका रास्त वाटतात.

आपसांत तोडगा निघाला नाही तर शेवटचा उपाय लिलाव. दर फेरीला किंमत चढते. ती मान्य नसलेला बोलीदार आपली अखेरची रक्कम सांगून बाहेर पडतो. एकच उरला की तो स्वतःच्या कमाल बोलीएवढे नव्हे, तर शेवटचा प्रतिस्पर्धी जिथे थांबला तेवढे पैसे भरतो. बोलीची मर्यादा अनामतीवर ठरते, त्यामुळे अनामत कमी भरणारा मध्येच अडकतो. जिंकूनही २० कामकाजाच्या दिवसांत रक्कम न भरल्यास हक्क जाऊ शकतो. ‘हॉटेल्स’ नोव्हेंबर २०१५ मध्ये २२ लाख डॉलरला बुकिंगकडे गेला.

खासगी लिलावात विजेत्याची रक्कम हरलेल्यांत वाटली जाई, त्यामुळे हरण्यासाठीच अर्ज करणे परवडू लागले. २०२६ च्या फेरीच्या नियमांत ही वाट बंद केली असून, अर्जासोबत एक पर्यायी शब्द देण्याची मुभा ठेवली आहे.