काफ्का कुबरनेटिसवर लावताय? आधी हे वाचून घ्या

आमचं ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, आणि बरेचसे कस्टमर महापे-रबाळे-तुर्भे पट्ट्यातले, कोणाच्या गाड्या आहेत तर कोणाची गोडाऊनं. काफ्काचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, हा अजून एक डेटाबेस का? नाही.

काफ्का म्हणजे एका सॉफ्टवेअरच्या नोंदी बाकीच्यांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, वाशी मार्केटच्या गेटवर आवक लिहायचं रजिस्टर असतं तसं समजा. गाडी आली की खाली एक ओळ, वरचं कोणी खोडत नाही. हिशोबवाला तेच वाचतो, गोडाऊनवालाही तेच, आणि आपण कुठवर वाचलं याची खूण प्रत्येकाची वेगळी. वाचलं म्हणून ओळ पुसली जात नाही, सेटिंगला हात लावला नाही तर 7 दिवस राहते. म्हणजे बिलिंगचं सॉफ्टवेअर दोन तास बंद पडलं तरी चालू झाल्यावर थांबलं होतं तिथूनच पुढे वाचणार, एकही गाडी सुटणार नाही. आम्ही काफ्काच्या मागे लागतो ते यासाठीच.

हे रजिस्टर म्हणजे टॉपिक, त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे मेसेज, आणि रजिस्टरच्या वेगवेगळ्या वह्या म्हणजे पार्टिशन. क्रम फक्त एका वहीच्या आत पक्का असतो, म्हणून गाडी नंबर नोंदीची ‘की’ (key, म्हणजे ओळख) म्हणून द्या, त्या गाडीच्या सगळ्या नोंदी एकाच वहीत जातील. पार्टिशन नंतर वाढवता येतात पण कमी करता येत नाहीत, आणि वाढवले की कुठली गाडी कुठल्या वहीत हेही बदलतं, त्यामुळे आकडा सुरुवातीलाच नीट ठरवा.

कुबरनेटिस म्हणजे अनेक मशीनच्या गटावर (क्लस्टरवर) सॉफ्टवेअर चालवणारी आणि सांभाळणारी सिस्टीम. तिच्यावर काफ्का लावायला आम्ही स्ट्रिमझी ऑपरेटर, म्हणजे काफ्का सांभाळणारा तयार प्रोग्राम, वापरतो. तो टाकला की पुढे एका यामल फाइलमध्ये काय हवं ते लिहायचं, पॉड (कुबरनेटिसवर चालणारा प्रोग्रामचा एक डबा) उभे करणं तो बघतो. जुन्या व्हिडिओत झूकीपर (काफ्काच्या सर्व्हरची माहिती ठेवणारा वेगळा प्रोग्राम) दिसेल, ते सोडून द्या, मार्च 2025 मध्ये आलेल्या काफ्का 4.0 पासून तो काढूनच टाकलाय.

डिस्कच्या बाबतीत मात्र काटकसर नको. एफेमरल स्टोरेज ट्रायलपुरतं ठीक, पॉड गेला की डेटाही गेला. खऱ्या कामाला पर्सिस्टंट व्हॉल्यूम (पॉड गेला तरी टिकणारी डिस्क), 3 ब्रोकर (काफ्काचे सर्व्हर), प्रत्येक मेसेजच्या 3 कॉपी, किमान 2 कॉपी लिहिल्या गेल्याशिवाय पोच द्यायची नाही, आणि पाठवणाऱ्या अ‍ॅपमध्ये अ‍ॅक्स ऑल (acks=all), म्हणजे ही पोच आल्याशिवाय मेसेज पोचला असं धरायचं नाही. तिन्ही ब्रोकर वेगवेगळ्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) हवेत, एकाच मशीनवर तिघं बसवले तर मशीनबरोबर तिघंही जातात.

सगळ्यात जास्त वेळ लोकांचा पत्त्यात जातो. बाहेरचं अ‍ॅप आधी बूटस्ट्रॅपला, म्हणजे सुरुवातीच्या पत्त्याला, जोडतं, तिथून ब्रोकरचे पत्ते मिळतात आणि मग ते थेट ब्रोकरकडे जातं. ते पत्ते क्लस्टरच्या आतले असले तर कनेक्शन झाल्यासारखं दिसतं पण मेसेज काही जात नाही, आणि आपण फायरवॉल तपासत बसतो. बाहेरून यायचं असेल तर नोडपोर्ट किंवा लोडबॅलन्सरचा (बाहेरून आत यायचे कुबरनेटिसचे दोन मार्ग) वेगळा लिसनर, म्हणजे काफ्काचं बाहेरच्यांसाठीचं दार, द्यायचाच.

आम्हाला फोन करायच्या आधी एवढं काढून ठेवा: दिवसाला साधारण किती मेसेज, कोण कोण वाचणार, किती दिवस ठेवायचे. मालाच्या चलानाचे फोटो त्यात टाकायचे नाहीत, एका मेसेजची डिफॉल्ट मर्यादा साधारण 1 एमबी आहे, फोटो दुसरीकडे ठेवून नुसती लिंक पाठवायची.