खोक्यावरचे आकडे आणि पंधरा लिटरची बादली

घरामागच्या अंगणात छोटं तळं केलं, त्यात गप्पी सोडले, कमळाची कुंडी बुडवली आणि एका टोकाला दगड रचून चार फुटांवरून पडणाऱ्या धबधब्याचा बेत आखला. दुकानदार म्हणाला, "साहेब, कूलरचाच पंप न्या, सगळे तोच नेतात." खोक्यावर लिहिलं होतं: 18 वॅट, ताशी 1100 लिटर, 1.85 मीटर. तळं सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल, म्हणजे 36 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर धरले तर पाणी झालं हजारेक लिटर. मासे असलेल्या तळ्यातलं सगळं पाणी तासा-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरावं, असा ठोकताळा आहे. हिशोब चोख बसला.

पंप लावला तर कसला धबधबा! वायसर गेलेल्या नळासारखी धार. तिच्याखाली पंधरा लिटरची बादली धरून घड्याळ बघितलं. भरायला तीन मिनिटं लागली. म्हणजे ताशी 300 लिटर.

खोकं खोटं बोलत नव्हतं. 1100 लिटर मिळतात ते पाणी मुळीच वर चढवायचं नसेल तेव्हा. आणि 1.85 मीटर ही अशी उंची, की पाणी तिथवर चढतं खरं, पण नळीच्या तोंडाशी येऊन थांबतं, बाहेर थेंब पडत नाही. आकडे दोन्ही खरे, पण एकत्र कधीच मिळत नाहीत. उंची वाढत जाईल तसं पाणी घटत जातं. माझे चार फूट म्हणजे 1.2 मीटर. पंपाची दोन तृतीयांश ऐपत तिथेच संपली होती.

ही उंची, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत 'हेड', मोजायची कुठून? पंपापासून नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागापासून. पंप दीड फूट खाली बसलेला असला तरी भोवतालचं पाणी तेवढ्याच दाबाने नळीतलं पाणी वर ढकलत असतं. तेवढी चढण फुकटात होते.

उरलेली चोरी नळीची. अर्ध्या इंची नळीतून तेवढंच पाणी न्यायचं तर एक इंची नळीच्या साधारण तीसपट घर्षण सोसावं लागतं. व्यास निम्मा, तोटा तीसपट! पंपावर पैसे घालून नळी बारीक घेणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग, त्यात मीही होतो.

या पंपांचं पोट एकदा उघडून बघण्यासारखं असतं. आत चुंबकाचा दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याचा पंखा. विजेच्या 50 हर्ट्झच्या तालावर तो मिनिटाला 3000 फेरे घेतो. पण साध्या पंपात तो सुरू होताना कुठल्या बाजूला फिरेल याचा नेम नसतो, म्हणून पाती वळणदार न ठेवता सरळ ठेवतात. त्यात बरीच वीज वाया जाते. हजार लिटर पाणी तासाभरात एक मीटर चढवायला खरं तर 2.7 वॅट पुरतात. पंप मात्र त्याच्या कित्येक पट खातो.

म्हणून काय घरचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप लावायचा? तो दिवसरात्र चालवला तर रोजची नऊ युनिटं कुठे गेली नाहीत. शिवाय त्याच्या झोताने तळ्याचा नुसता रांजण घुसळल्यासारखा होईल. मी उलटा हिशोब केला: आपली उंची पंपाच्या कमाल हेडच्या निम्म्याच्या आसपास यावी. नळीचं घर्षण धरून माझी गरज होती दीड मीटर, म्हणून तीन मीटर हेडचा, ताशी दोन-अडीच हजार लिटरचा, 40 वॅटचा पंप घेतला, एक इंची नळीसकट. महिन्याला जवळजवळ 29 युनिटं. वायरिंगमध्ये आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर हे सगळं राहू द्या. पाण्यात वीज आणि त्यात आपला हात, हा खेळ नको.

बिल बघून रात्री पंप बंद करायचा मोह होतो. पाहुणे गेले, आता धबधबा कुणासाठी? तर माशांसाठी. 30 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. दिवसा पाणवनस्पती त्यात भर घालतात, पण रात्री त्याही तोच वापरतात. पहाटे तो सगळ्यात कमी होतो, आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात ते त्याच सुमारास. फिल्टरमध्ये माशांपासून पाण्यात येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू असतात, त्यांनाही वाहतं पाणी लागतं. म्हणजे पंप बंद करायचाच असेल तर भर दुपारी थोडा वेळ करा, रात्री नको. कमळाला मात्र सतत हलतं पाणी मानवत नाही, म्हणून कुंडी धबधब्यापासून लांबच्या कोपऱ्यात सरकवली.

नव्या पंपाखाली तीच बादली 55 सेकंदांत भरली. महिन्याने पुन्हा धरली तर 80 सेकंद. पंप बिघडला नव्हता, फिल्टरच्या स्पंजात शेवाळ अडकलं होतं. तो तळ्याच्याच पाण्यात पिळून काढला, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात.