पार्श्वभूमी : रोजच्या चार चौकटी आणि त्यांचे वाचक

माझे काका बँकेत होते. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली सुट्ट्यांची यादी असायची आणि तिच्या शेजारी 'चिंटू'ची चार-पाच कात्रणं. कडा पिवळ्या पडलेल्या, एकाच्या कोपऱ्यावर स्टॅम्प पॅडची जांभळी शाई लागलेली. पासबुक भरून घ्यायला आलेली माणसं उभ्या उभ्या मान वाकडी करून ती उलटी वाचायची. काही महिन्यांनी काकांनी काच उचलून सगळी कात्रणं फिरवली. चित्रांची तोंडं आता गिऱ्हाइकांकडे झाली आणि काका स्वतः उलटी वाचू लागले. त्यांची तर पाठच होती.

वर्तमानपत्रातल्या विनोदी चित्रमालिकांचा इतिहास म्हटला की चित्रकारांची नावं येतात, मालकांची भांडणं येतात. ती यायलाच हवीत. पण या प्रकारात वाचकाचा वाटा इतर कुठल्याही छापील साहित्यापेक्षा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं. कादंबरी वाचून संपते. स्ट्रिप, म्हणजे चित्रांची ही पट्टी, रोज चिमूटभर मिळते, वीस-तीस वर्षं मिळत राहते आणि मधल्या चोवीस तासांत वाचक तिच्याबद्दल बोलतो, वाद घालतो, पत्र लिहितो. त्या पत्रांनी पात्रं जगवली आहेत आणि मारलीही आहेत.

सुरुवात अमेरिकेतली. १८९५ मध्ये रिचर्ड आउटकॉल्टचं टकलं, पिवळ्या झग्यातलं पोर पुलित्झरच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये दिसू लागलं. ते इतकं खपलं की पुढच्याच वर्षी हर्स्टने चित्रकाराला आपल्या 'जर्नल'मध्ये ओढलं. पुलित्झरने दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घ्यायला सुरुवात केली आणि शहरात एकाच वेळी दोन पिवळी पोरं फिरू लागली. आपण आज 'पीत पत्रकारिता' म्हणतो त्यातला पिवळा रंग या पोराच्या झग्याचा आहे.

पण ती रविवारची मौज होती. रोजची सवय लागली ती १५ नोव्हेंबर १९०७ पासून, 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या क्रीडा पानावर. बड फिशर नावाच्या तरुण चित्रकाराने पानाच्या रुंदीभर एक आडवी पट्टी काढली. तिचा नायक मट हा शर्यतीच्या नादाला लागलेला उंच, लुकडा माणूस. तो रोज कुठल्यातरी घोड्यावर पैसे लावायचा. खरी गंमत अशी की फिशर ज्या घोड्यांची नावं लिहायचा, ते घोडे त्या दिवशी तिथल्या मैदानावर खरोखर पळणार असायचे. मट जिंकला की हरला हे कळायला दुसऱ्या दिवशीचा अंक घ्यावा लागे. काही वाचक तर मटने लावलेल्या घोड्याकडे टिप म्हणूनच बघायचे. पुढच्या वर्षी बुटका जेफ आला, 'मट आणि जेफ' ही जोडी जमली आणि शर्यती मागे पडल्या. मात्र 'उद्या काय?' हा प्रश्न चित्रमालिकेला तेव्हा चिकटला तो कायमचा.

वाचकांची ताकद पहिल्यांदा लख्ख दिसली ती १९२९ मध्ये. ई. सी. सेगर 'थिंबल थिएटर' नावाची मालिका नऊ वर्षं काढत होता. ऑलिव्ह ऑइल, तिचा भाऊ कॅस्टर, तिचा प्रियकर हॅम ग्रेव्ही अशी ठरलेली मंडळी. १७ जानेवारी १९२९ रोजी कॅस्टरला बोट चालवायला माणूस हवा होता. धक्क्यावर एक काणा, फुगलेल्या दंडांचा इसम उभा होता. 'तू खलाशी आहेस का?' असं कॅस्टरने विचारल्यावर तो उलट विचारतो, 'मग काय गुराखी वाटलो?' हाच पॉपाय. त्याचं काम त्या एका सफरीपुरतं होतं. सफर संपली आणि सेगरने त्याला निरोप दिला. वाचक ऐकेनात. तो खलाशी कुठे गेला, अशी पत्रं येऊ लागली. सेगरला त्याला परत आणावं लागलं. थोड्याच काळात हॅम ग्रेव्ही बाजूला पडला, ऑलिव्ह पॉपायची झाली आणि पुढे मालिकेचं नावसुद्धा बदललं. ज्या पात्रासाठी मुळात घरात खोलीच नव्हती, त्याच्या नावावर वाचकांनी घर करून दिलं.

याच काळात शिकागोत वेगळाच प्रयोग चालू होता. फ्रँक किंगच्या 'गॅसोलीन अ‍ॅली'त १९१८ पासून काही मित्र गल्लीत मोटारी दुरुस्त करत गप्पा मारायचे. स्त्री वाचकही या मालिकेकडे याव्यात म्हणून संपादकांनी मूल आणायला सुचवलं. नायक वॉल्ट तर अविवाहित. मग १४ फेब्रुवारी १९२१ च्या अंकात त्याच्या दाराशी कुणीतरी बाळ ठेवून गेलं. ते बाळ, स्कीझिक्स, खऱ्या वेगाने वाढू लागलं. शाळेत गेलं, मिसरूड फुटलं, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलं, लग्न केलं. ज्यांच्या घरात १९२१ साली मूल जन्मलं होतं त्यांना आपलं आणि किंगचं अशी दोन पोरं एकदम वाढताना दिसली.

आपला चिंटू याच्या अगदी उलटा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा आला, नंतर 'लोकसत्ता'तही गेला, २०१२ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला आणि या सगळ्यात तो एक इयत्ताही वर गेला नाही. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा, सतीशदादा, जोशीकाकू सगळे आहेत तिथेच. वाढले ते वाचक. १९९१ साली जी मुलं चिंटूच्या वयाची होती ती आज त्याच्या बाबांपेक्षा मोठी असतील. लहानपणी चिंटूचा नेम चुकून फुटलेल्या काचेवर हसणारी मुलगी आता आईच्या कपाळावरच्या आठीवर हसते. मालिका तीच, हसण्याची जागा सरकली. मला हा प्रकार स्कीझिक्सच्या मोठं होण्याइतकाच विलक्षण वाटतो.

रोजची सवय किती खोल जाते हे मोजायची संधी १९४५ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये आली. वर्तमानपत्रं पोचवणाऱ्यांनी संप केला आणि अडीच आठवडे अंक घरी आलेच नाहीत. छपाई चालू होती, म्हणून लोक वर्तमानपत्रांच्या कचेरीबाहेर रांगा लावून अंक घेत होते. रविवारी महापौर फिओरेलो ला गार्डिया शहराच्या रेडिओ केंद्रावर बसले आणि मुलांना चित्रमालिका वाचून दाखवू लागले. नुसतं वाचन नव्हे. आवाज बदलून, हातवारे करून, कुठल्या चौकटीत कोण कुठे उभं आहे ते सांगून आणि शेवटी वाईट पैसा लाभत नाही असं तात्पर्य काढून. त्याच संपात बर्नार्ड बेरेल्सन या अभ्यासकाने मॅनहॅटनमधल्या वाचकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. वर्तमानपत्रातल्या गंभीर बातम्यांचं महत्त्व जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. पण नेमकी कोणती बातमी चुकली, असं विचारल्यावर फार थोड्यांना सांगता आलं. चुकत होती ती सवय. माझ्या आजीला हे कुणी वेगळं सांगायला नको होतं. दिवाळीच्या सुट्टीत अंक आला नाही की ती चहा घ्यायची, पण बशी हातात धरून नुसतीच बसून राहायची.

चित्रातलं प्रत्यक्षात आणण्याचा उत्साहही वाचकांनी दाखवला. अल कॅपच्या 'लिल अ‍ॅबनर'मध्ये १९३७ साली एक दिवस आला. त्या दिवशी गावातल्या अविवाहित मुली पोरांच्या मागे धावतात आणि ज्याला पकडतील त्याच्याशी लग्न करतात. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या दोनशेहून अधिक महाविद्यालयांत तो दिवस साजरा होऊ लागला होता. नाचासाठी मुलींनी मुलांना विचारायचं, ही त्या काळात मोठीच गोष्ट.

पण वाचक आणि चित्रकार यांचं नातं समजून घ्यायचं तर चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'पाशीच थांबायला हवं. २ ऑक्टोबर १९५० ला सात वर्तमानपत्रांत सुरू झालेली ही मालिका शेवटी पंच्याहत्तर देशांतल्या सव्वीसशेहून अधिक वर्तमानपत्रांत जात होती. जवळजवळ पन्नास वर्षांत १७,८९७ पट्ट्या, आणि सगळ्या एकाच हाताच्या. शुल्झ यांनी मदतनीस चित्रकार ठेवला नाही. अक्षरंसुद्धा तेच लिहायचे.

१९५४ च्या अखेरीला त्यांनी शार्लट ब्राउन नावाची मोठ्याने बोलणारी मुलगी आणली. वाचकांना ती काही रुचली नाही. एका तरुण वाचक स्त्रीने तिला काढून टाका असं पत्र लिहिलं. जानेवारी १९५५ मध्ये शुल्झ यांचं उत्तर आलं: तुमची सूचना मान्य, पण एका निष्पाप मुलीच्या मृत्यूचा भार तुमच्या मनावर राहील, तयारी आहे ना? खाली शार्लटचं चित्र, डोक्यात कुऱ्हाड रुतलेली. शार्लट एकंदर दहाच पट्ट्यांत दिसली आणि गेली. त्या बाईंनी हे पत्र आयुष्यभर जपलं. त्यांच्या मृत्यूनंतर ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेलं.

दुसरं पत्र जास्त मोलाचं. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अकरा दिवसांनी लॉस एंजेलिसमधल्या हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झ यांना लिहिलं, की तुमच्या मालिकेतल्या मुलांच्या मेळाव्यात एखादं कृष्णवर्णीय मूल असावं. शुल्झ यांनी प्रांजळपणे अडचण सांगितली: करावंसं वाटतं, पण कृष्णवर्णीय शेजाऱ्यांवर आपण उपकार करतो आहोत असं तर दिसणार नाही ना, याची भीती वाटते. बाईंनी तिथेच विषय सोडला नाही. हे पत्र माझ्या कृष्णवर्णीय मित्रांना दाखवू का, अशी परवानगी मागितली आणि त्या मित्रांकडून शुल्झ यांना थेट पत्रं गेली. साधा, रोजच्या खेळातला मुलगा दाखवा, असं त्यांचं म्हणणं. १ जुलैला शुल्झ यांनी बाईंना कळवलं, की २९ जुलैच्या आठवड्याचे अंक बघा. रोजच्या पट्ट्या कित्येक आठवडे आधी काढून पाठवाव्या लागतात, हे लक्षात घेतलं की पत्राने हात किती लवकर हलवला ते कळतं.

३१ जुलै १९६८. समुद्रकिनारा. मालिकेचा नायक चार्ली ब्राउन याचा चेंडू पाण्यात गेलेला. एक मुलगा तो घेऊन येतो आणि विचारतो, हा चेंडू तुझा का? चार्ली ब्राउन आभार मानतो, आणि मग दोघं वाळूचा किल्ला बांधायला बसतात. त्यात भाषण नाही, घोषणा नाही. फ्रँकलिन आला तो असा, हातात चेंडू घेऊन. पुढे तो गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसलेला दिसला तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने हरकत घेतली. शुल्झ यांनी ती मानली नाही. मालिका वितरित करणाऱ्या सिंडिकेटच्या अध्यक्षांनीही काही बदल सुचवले तेव्हा त्यांनी सांगितलं, की मी काढतो तसं छापा, नाहीतर मी सोडतो.

वाचकांचा राग किती टोकाला जाऊ शकतो हे १९९५ मध्ये लिन जॉन्स्टन यांना दिसलं. त्यांच्या 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'मध्ये पात्रं खऱ्या वेगाने वाढत, त्यामुळे कुत्राही म्हातारा होणारच. त्यांनी फार्ली या कुत्र्याला नदीत पडलेल्या लहान मुलीला वाचवताना मरू दिलं. हजारो पत्रं आली, त्यात शोक होता आणि संतापही. जॉन्स्टन यांनी एक आठवण सांगितली आहे. हा बेत त्यांनी शुल्झ यांना आधी सांगितला तेव्हा ते म्हणाले होते, तू कुत्र्याला मारलंस तर त्याच दिवशी मी माझ्या स्नूपी कुत्र्याला ट्रकखाली घालीन, मग तुझ्याकडे कुणी बघणार नाही. म्हणून मग त्यांनी तारीख शुल्झ यांना कळवलीच नाही.

१४ डिसेंबर १९९९ ला शुल्झ यांनी आजारपणामुळे थांबत असल्याचं जाहीर केलं. रविवारची शेवटची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली. आदल्या रात्री ते गेले होते. सकाळी अंक उघडणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांच्या मृत्यूची बातमी आणि त्यांनी वाचकांना लिहिलेलं निरोपाचं पत्र एकाच बैठकीत वाचलं. मालिका दुसऱ्या कुणी पुढे काढू नये ही त्यांच्या कुटुंबाची इच्छा होती, आणि ती पाळली गेली.

किनाऱ्यावरच्या त्या पट्टीचे आणखी एक वाचक होते. फ्रँकलिन आला तेव्हा रॉब आर्मस्ट्राँग सहा वर्षांचे होते, फिलाडेल्फियात राहणारे कृष्णवर्णीय मूल. व्यंगचित्रकारच व्हायचं हे त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. १९८९ मध्ये त्यांची स्वतःची 'जंप स्टार्ट' ही मालिका सुरू झाली. नव्वदच्या दशकात एका चित्रफितीसाठी फ्रँकलिनला आडनाव हवं होतं. तेव्हा शुल्झ यांनी आर्मस्ट्राँग यांना फोन केला आणि तुमचं आडनाव देऊ का, असं विचारलं. तेव्हापासून त्याचं पूर्ण नाव फ्रँकलिन आर्मस्ट्राँग.