महापुरात घोड्यांची निगा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूर, शिरोळ, सांगली आणि मिरज या भागांत शर्यतीचे व वरातीचे घोडे पाळणारे मालक, तसेच मेंढरांबरोबर तट्टू बाळगणारे मेंढपाळ आमच्याकडून चंदी (घोड्याचा दाणा), भाताचे तूस आणि नालबंदीचे सामान नेतात. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांनंतर त्यांनी आम्हांला विचारलेले बहुतेक प्रश्न वाहून गेलेल्या जनावरांविषयी नव्हते. आठ-दहा दिवस ओल्यात उभ्या राहिलेल्या जनावरांचे खूर, कातडी आणि पोट बिघडले होते, त्याविषयी ते होते. म्हणून हे पत्रक मुख्यतः पाण्याच्या मुक्कामाविषयी आहे.

घोडा हलवायचा की नाही, हा निर्णय पाणी गोठ्याच्या उंबऱ्याशी आल्यावर घेऊ नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, तर सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेसाठी हेच आकडे 40 आणि 45 फूट आहेत. आमचे स्पष्ट मत असे, की ज्यांची पागा पूररेषेत आहे त्यांनी इशारा पातळीलाच घोडे उंचावर न्यावेत. धोका पातळीची वाट पाहिली तर रस्ता पाण्याखाली जातो, टेम्पो मिळत नाही आणि गोंगाटाने बिथरलेला घोडा फळीवर पाय ठेवत नाही. घोड्याला वाहनात चढण्याची सवय उन्हाळ्यातच लावून ठेवावी. स्थलांतर करताना मालकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली पट्टी आयाळीत घट्ट गुंफावी. काही कारणाने जनावर मागे ठेवावेच लागले, तर अगाडी-पिछाडी (पुढचे-मागचे दोर) सोडल्याशिवाय आणि दार उघडे केल्याशिवाय कोणीही पागा सोडू नये. घोडा पोहू शकतो, पण बांधलेला घोडा नाही.

उंचावर नेलेल्या घोड्याला सर्वांत आधी लागते ती कोरडी जागा, आणि नेमकी हीच गोष्ट लोक चाऱ्याच्या धावपळीत विसरतात. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, त्यामुळे त्याला आडवे होण्याची गरज नसते असा समज आहे. प्रत्यक्षात गाढ झोपेसाठी त्याला दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी आडवे व्हावे लागते. चिखलात किंवा पाण्यात तो सहसा बसत नाही, आणि अशा रात्री वाढत गेल्या की तो पेंगत गुडघ्यांवर कोसळू लागतो. पुढच्या गुडघ्यांवरच्या जखमा पाहून मालकाला वाटते की घोडा घसरला. पाणी निचरणाऱ्या उंचवट्यावर मुरूम टाकून त्यावर तूस, कोरडे पाचट किंवा लाकडाचा भुसा वीतभर पसरावा आणि भिजलेला थर रोज काढावा. जागा कमी असेल तर घोड्यांना आळीपाळीने कोरड्यावर न्यावे, परंतु प्रत्येकाची पाळी आली पाहिजे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. इंटरनेटवर पुरातील घोड्यांविषयी जो सल्ला मिळतो, त्यातला बराचसा हिवाळी पुराच्या देशांतला असतो. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या सखल भागात 2013-14 च्या हिवाळ्यात सुमारे 6,900 हेक्टर शेतजमीन पाण्याखाली गेली होती आणि काही ठिकाणी ते पाणी महिन्याहून अधिक काळ हटले नाही. तिथे ओल्याच्या जोडीला थंडी असते, म्हणून झूल घालण्यावर भर दिला जातो. आपल्याकडे ओल्याच्या जोडीला दमट उकाडा असतो. ओल्या अंगावर टाकलेली जाड झूल घाम कोंडते आणि कातडीवरच्या जंतूंचे फावते. आपल्या घोड्याला झुलीपेक्षा छप्पर, वारा आणि कोरडा खरारा अधिक उपयोगी पडतो.

सतत भिजलेला खूर मऊ पडतो, नालेचे खिळे सैल होतात आणि खुराच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांमध्ये काळपट, दुर्गंधीयुक्त सड सुरू होते. दिवसातून दोनदा चारही खूर उचलून खाचा कोरून साफ कराव्यात आणि कोरड्या फडक्याने पुसाव्यात. दुर्गंध दोन दिवसांत गेला नाही तर नालबंदाला दाखवावे, आणि सैल झालेली नाल त्याच्याकडूनच काढून घ्यावी. ओल्या खुराला तेल चोपडण्याची पद्धत मात्र आम्हांला मान्य नाही, कारण त्यामुळे आतली ओल आतच राहते. खुरामागच्या खळग्यात किंवा पाठीवर खपल्या धरल्या तर त्या ओरबाडून काढू नयेत. चिखल वाळू द्यावा, मऊ ब्रशने झाडावा, आणि धुणे अटळ असेल तर धुतल्यावर तो भाग पूर्ण कोरडा करावा. पायावरची जखम आठवडाभरात भरण्याऐवजी फुगत, खाजत आणि गळत राहिली तर ती साचलेल्या पाण्यातील बुरशीसारख्या जंतूमुळे असू शकते. जुन्या लष्करी पशुवैद्यांनी अशा व्रणांना ‘बरसाती’ हेच नाव दिले होते. तेथे मलमावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, डॉक्टरांनाच बोलवावे.

चाऱ्याच्या बाबतीत घोडा म्हणजे गाय नव्हे, हे मदतकार्यात सहज विसरले जाते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे बुरशी आलेला कडबा किंवा भिजलेला मका पोटात गेला की पोटशूळ उठतो, आणि बुरशीचा मका तर मेंदूवरही घाव घालतो. पिशवीत पाणी किंवा माती गेलेला मुरघास गायीने पचवला तरी घोड्याला देऊ नये. जनावरांसाठी वाटलेले पशुखाद्य किंवा कोंबडी-खाद्य घोड्याच्या तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत) कधीही घालू नये, कारण त्यांपैकी काहींत मोनेन्सिन हे द्रव्य असते आणि ते अगदी अल्प प्रमाणातही घोड्याच्या हृदयाला घातक ठरते. उसाचे वाढे चार-दोन दिवस चालतील, पण त्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम अडवते, म्हणून दीर्घकाळ तोच चारा ठेवू नये. 300 किलोच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो कोरडे वैरण मिळावे, तेही थोडे थोडे करून.

चंदी विकणारे आम्हीच असलो तरी सांगतो, की बांधून असलेल्या घोड्याची चंदी निम्म्याहून कमी करावी. काम बंद आणि दाणा चालू राहिला तर पोट, खूर आणि मांड्यांचे स्नायू, तिन्ही धोक्यात येतात. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेला घोडा सापडला तर त्याला आधी केवळ पाणी आणि मूठमूठ वैरण द्यावे. दयेपोटी पुढे केलेला भरला तोबरा त्याच्या जिवावर बेतू शकतो.

पिण्यासाठी पुराचे पाणी वापरू नये. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू, सांडपाणी आणि शेतातली औषधे त्यातच राहतात. एका घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 30 लिटर पाणी लागते, म्हणजे 200 लिटरचे झाकणाचे एक पिंप एका घोड्याला जेमतेम आठवडा पुरते. छावणीत अनेक ठिकाणचे घोडे एकत्र आले तर पाण्याची बादली आणि तोबरा प्रत्येकाचा वेगळा ठेवावा. शेंबा (ग्लँडर्स) रोग अशाच सामाईक भांड्यांतून पसरतो आणि तो माणसालाही होतो.

धनुर्वाताची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो आणि पुराच्या गाळात पत्रे, काचा व खिळे सर्वत्र असतात. पाणी ओसरल्यावर चावऱ्या माशा वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो. येऊन-जाऊन ताप, खंगत जाणे आणि पोटाखाली वा पायांवर सूज दिसल्यास रक्त तपासून घ्यावे. डोळा लाल होऊन पाणी गळू लागले तर तेही लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जंतुरोगाचे) उशिरा दिसणारे लक्षण असू शकते. निरोगी घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. पूरकाळात ते सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहावे आणि दोन वेळा वर गेले तर 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवावे. गाढवे आणि खेचरे दुखणे सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे त्यांनी खाणे कमी करणे एवढेच लक्षण पुरेसे मानावे.

पूररेषेतील ग्राहकांना तूस आणि पिंपे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी नेण्याची विनंती आहे. इशारा पातळी ओलांडल्यावर आमची गाडीही आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही.