रोबो-कुत्र्याला वाचा फुटली त्यामागचा प्रवास

चार पायांचा वीतभर रोबो, त्याच्या पाठीवर उघडा सर्किट बोर्ड, शेजारी लॅपटॉप आणि दोघांमध्ये एक केबल. २०२३ च्या मार्चनंतर हौशी मंडळींच्या टेबलांवर हे दृश्य नेहमीचं झालं. त्याची चर्चा ‘कुत्रा बोलला!’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पण आवाज खेळण्यांना फार आधीपासून होता. या वेळी बदललं ते वेगळंच काही: मोकळ्या, घरगुती वाक्याचा अर्थ लावून योग्य हालचाल निवडता येऊ लागली.

१९९८ च्या फर्बी या बोलक्या, केसाळ खेळण्याकडे स्वतःची भाषा होती. तो हळूहळू इंग्रजी शिकतो असं वाटायचं. प्रत्यक्षात आधीच भरून ठेवलेले शब्द टप्प्याटप्प्याने बाहेर यायचे. तरी एका अमेरिकी गुप्तचर संस्थेने त्याला आपल्या कार्यालयात बंदी केल्याची बातमी १९९९ च्या जानेवारीत आली, कारण तो ऐकलेलं बाहेर जाऊन बोलेल अशी धास्ती होती. रेकॉर्डिंगची सोय त्यात मुळीच नव्हती. त्याच वर्षी सोनी कंपनीचा आयबो हा रोबो-कुत्रा आला. त्याच्या २००० मधल्या पिढीला सुमारे ५० शब्द ओळखता यायचे. एका मालकाने आयबोसाठी स्वतःचे प्रोग्राम लिहून वाटले, तेव्हा २००१ मध्ये कंपनीने त्याला कायद्याचा धाक दाखवला. इतर मालक त्याच्या बाजूने उभे राहिले, कंपनी नमली आणि २००२ मध्ये प्रोग्रामिंगचं अधिकृत किट खुलं झालं. आपला रोबो आपण शिकवायचा, हा हक्क मालकांनी असा भांडून मिळवला आहे. आजच्या प्रयोगांचं मूळ मला तिथे दिसतं.

२०१८ मध्ये निबल ही छोटी रोबो-मांजर आणि २०२० मध्ये बिटल हा रोबो-कुत्रा आला, तेव्हा हा हक्क गृहीतच धरलेला होता. फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम, खुलं, किंमत आयबोच्या मानाने किरकोळ. सुरुवातीच्या बोर्डावरच्या चिपची रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, अवघी २ किलोबाइट. त्यात बोलणं कुठलं मावणार? पण एक सोय मोठी होती. सिरियल पोर्टवर, म्हणजे केबल जोडायच्या जागी, ‘के’ हे अक्षर आणि त्याला जोडून ‘सिट’ पाठवलं की कुत्रा बसायचा. त्या शब्दामागे कोनांचा तक्ता असतो, प्रत्येक सांध्याला एक आकडा. म्हणजे शरीराला शब्दांनी हाक मारण्याची वाट तयारच होती. फक्त माणसाचं बोलणं त्या शब्दांपर्यंत पोचवणारं मधलं कुणी नव्हतं.

१ मार्च २०२३ रोजी ते आलं. चॅटजीपीटीमागचं भाषा मॉडेल आणि व्हिस्पर हे आवाजाचा मजकूर करणारं मॉडेल, दोन्ही एकाच दिवशी एपीआयमधून, म्हणजे आपल्या प्रोग्राममधून थेट वापरता येतील अशी, मिळू लागली. हजार टोकनला (टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा) ०.००२ डॉलर हा तेव्हाचा दर कुणालाही परवडणारा होता. ‘भिजून आलोय रे, जवळ ये ना जरा’ असं म्हटलं की जुनी व्यवस्था तिच्या यादीतला शब्द शोधत बसायची. मॉडेलकडून दोन ओळी येतात: एक बोलायचं वाक्य, दुसरी ‘पुढे चाल’.

ही दुसरी ओळच वादाचा विषय आहे. मॉडेलने हालचालींच्या ठरलेल्या यादीतून निवडायचं, की हालचाल स्वतः लिहायची? हौशी मंडळींच्या आधी संशोधकांनी दोन्ही वाटा चाचपल्या होत्या. २०२२ मध्येच एका गटाने मॉडेलला पर्याय सुचवू दिले आणि त्यातला सध्या जमण्यासारखा कोणता हे रोबोच्या अनुभवावरून ठरवलं. त्याच वर्षी दुसऱ्या कामात मॉडेलने थेट रोबोचा कोड लिहिला. २०२३ मध्ये चतुष्पादांसाठी एक मधली वाटही निघाली: मॉडेलने फक्त ० आणि १ लिहायचे, प्रत्येक पायासाठी एक ओळ, पाय टेकलेला असेल तर १, उचललेला असेल तर ०. सांध्यांचं गणित कंट्रोलर हा वेगळा प्रोग्राम सांभाळतो.

कोडच्या बाजूचे लोक म्हणतात, यादी दिली की पाळीव प्राण्याचा बोलका रिमोट होतो. त्यात तथ्य आहे. कुणी ‘नमस्कार कर’ म्हटलं आणि यादीत नमस्कार नसला तर कुत्रा अडतो. पण मी यादीच्याच बाजूचा आहे. मॉडेलला कोनांची भाषा येते, शरीराचं वजन कळत नाही. लिहिलेल्या कोनात दोन पाय एकमेकांत अडकले की सर्व्हो, म्हणजे सांधा फिरवणारी मोटर, जोर लावत राहते, करंट चढतो, मोटर तापते आणि गिअरचे दाते झिजतात.

माझ्या टेबलावरच्या रोबोला शेपूट नाही. पहिल्याच संध्याकाळी त्याने आनंदाने सांगितलं, ‘शेपूट हलवतोय!’ आणि कृतीच्या रकान्यात फर्मवेअरमध्ये नसलेली कमांड टाकली. बोर्ड गप्प, कुत्रा ताठ उभा. मग प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, हालचालींची यादी घातली, शिवाय शरीरात काय काय नाही तेही लिहिलं. त्यानंतर खूश झाला की तो डोकं हलवू लागला. यादीबाहेर जाणं पूर्ण थांबलं नव्हतंच. जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग ही एपीआयमधली सोय आली आणि यादी मॉडेलला रीतसर सांगता येऊ लागली. ऑगस्ट २०२४ पासून उत्तर ठरवून दिलेल्या साच्यातच येईल याची हमी मिळू लागली.

उशीर हे दुसरं दुखणं. गप्पांमध्ये एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण २०० मिलिसेकंद जातात. इथे आवाजाचा मजकूर, मजकुराचं उत्तर, उत्तराचा पुन्हा आवाज असे तीन टप्पे. काही सेकंद सहज जायचे. कान टवकारण्यासारखी एखादी हालचाल आधीच सुरू केली की तो वेळ निभतो. २०२४ मध्ये आवाज घेऊन थेट आवाजच देणारी मॉडेल आल्यावर हे अंतर बरंच कमी झालं.

सर्व्हरवर अवलंबून राहण्याची किंमत डिसेंबर २०२४ मध्ये दिसली. मुलांशी गप्पा मारणारा मॉक्सी हा रोबो बनवणारी कंपनी पैशांअभावी बंद होत असल्याचं जाहीर झालं, आणि त्याचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरमधून चालत असल्याने तो मुका होणार हेही. आपला मित्र गप्प का होणार, हे मुलांना समजावण्याची वेळ पालकांवर आली. पुढे मालकांना स्वतःच्या संगणकावर चालवता येईल असा खुला सर्व्हर देण्यात आला. २०२३ पासून घरच्या संगणकावर चालणारी खुली भाषा मॉडेलही मिळतात. माझ्या कुत्र्याचं बोलणं आता अशाच एका छोट्या मॉडेलवर चालतं. उत्तर जरा थांबून येतं, वाक्यं तोकडी असतात, पण इंटरनेट गेलं तरी ‘बस’ म्हटलं की तो बसतो आणि बसलो म्हणून सांगतो.