चौकटीतलं मत : जपानमधल्या परकीय रहिवाशाच्या बोलण्यामागचा इतिहास

कचरा वर्गीकरणाचे नियम असोत, तांदळाचे भाव असोत की लोकलमध्ये मोठ्याने बोलणारे पर्यटक, जपानमध्ये राहणाऱ्या परकीयाने अशा एखाद्या बातमीवर चार ओळी लिहिल्या की खाली एक उत्तर हमखास येतं : ‘इयानारा काएरे’. पटत नसेल तर परत जा. उत्तर उद्धट आहे हे लिहिणाऱ्यालाही कळतं. पण त्यामागे बरीच कागदपत्रं आहेत. परकीय माणूस इथे राहतो की नुसता थांबलाय, हा प्रश्न जपानच्या दप्तरात पाऊणशे वर्षं वेगवेगळ्या रकान्यांत फिरतो आहे. पाहुणा म्हटला की त्याने यजमानाच्या आमटीला नावं ठेवू नयेत. रहिवासी म्हटला की मीठ जास्त झालंय एवढं सांगायचा हक्क त्याला आपोआप मिळतो.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. युद्ध हरलेल्या जपानसाठी 1946 च्या फेब्रुवारीत अमेरिकनांनी तयार केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यात परकीयांना कायद्याचं समान संरक्षण देणारं स्वतंत्र कलम होतं. जपानी मसुदा पक्का होईपर्यंत ते गळालं आणि इंग्रजीतल्या ‘लोक’ या शब्दाच्या जागी ‘कोकुमिन’, म्हणजे राष्ट्राचे नागरिक, असा शब्द येऊन बसला. 3 मे 1947 ला घटना अमलात आली. आदल्याच दिवशी, 2 मे रोजी, परकीयांच्या नोंदणीचा हुकूम निघाला आणि जपानच्या अमलाखाली वाढलेले कोरियन आणि तैवानी लोक ‘तूर्तास’ परकीय मानले गेले. 28 एप्रिल 1952 ला शांतता करार लागू झाला तेव्हा तूर्तासचं कायमचं झालं. त्याच दिवशी परकीय नोंदणीचा कायदा आला. 1955 पासून बोटांचे ठसे घेणं सुरू झालं. म्हणजे ‘परकीय रहिवासी’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर जो बॅग घेऊन विमानातून उतरणारा माणूस येतो, तो या यादीत फार उशिरा आला. आधीची पिढी ओसाकात आणि कावासाकीत जन्मलेली होती आणि जपानी वर्तमानपत्रं वाचूनच मोठी झाली होती.

आता ज्या निकालावर सगळं अडतं, तिथे जरा थांबतो.

मे 1969 मध्ये एक अमेरिकी तरुण इंग्रजी शिकवायला एका वर्षाच्या व्हिसावर टोकियोत आला. ज्या भाषाशाळेची नोकरी दाखवून आला होता ती त्याने काही दिवसांतच सोडली आणि न कळवता दुसरीकडे शिकवू लागला. फावल्या वेळात बिवा आणि कोतो ही जुनी तंतुवाद्यं शिकत होता. आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात परकीयांचा एक गट होता, त्यात जात होता. सभांना बसणं, पत्रकं वाटणं, मोर्चात चालणं, एवढंच. कुठे दगड नाही, काही नाही. 1970 मध्ये त्याने आणखी एक वर्ष मागितलं. मिळाले 120 दिवस, आणि तेही गाशा गुंडाळायला. पुन्हा अर्ज केला तो फेटाळला गेला. कारणं दोन : न कळवता बदललेली नोकरी आणि राजकीय हालचाली.

1973 मध्ये खालच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. 1975 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. 4 ऑक्टोबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने शेवटचा शब्द दिला आणि तो आजही शेवटचाच आहे.

निकालाचं पहिलं वाक्य वाचून परकीय माणूस सुखावतो. जे हक्क स्वभावतःच फक्त जपानी नागरिकांचे आहेत ते वगळता बाकीचे मूलभूत हक्क जपानमध्ये राहणाऱ्या परकीयांनाही सारखेच लागू आहेत, राजकीय मतप्रदर्शनसुद्धा. मग पुढचं वाक्य येतं. हे हक्क परकीयाच्या वास्तव्याच्या व्यवस्थेच्या ‘वाकु’च्या आत दिलेले आहेत, त्यापलीकडे नाहीत. वाकु म्हणजे चौकट. खिडकीची असते ती, फॉर्ममधल्या रकान्याची असते ती. तुम्ही बोललात तो गुन्हा नाही, त्यासाठी कुणी पकडणार नाही. पण मुदतवाढीचा अर्ज टेबलावर आला की तुम्ही काय बोललात हे मंत्री तुमच्या विरोधात मोजू शकतात. त्या तरुणाच्या वागण्याने जपान-अमेरिका मैत्रीला बाधा येते, असंही न्यायालयाने सरळ म्हटलं नाही. बाधा येण्याची भीती नाही असं म्हणता येत नाही, अशी दुहेरी नकाराची रचना वापरली. जपानी भाषा शिकणाऱ्याला हा प्रयोग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शिकवतात. तो किती जड असू शकतो हे मला हा निकाल वाचून कळलं.

उलट बाजूही सांगायला हवी. कुणाला आत राहू द्यायचं हे ठरवणं प्रत्येक देश आपल्या हातात ठेवतो, आणि आपणही नाक वर करण्यात अर्थ नाही. आपल्या घटनेचं कलम 19 भाषणस्वातंत्र्य देतं ते सरळ ‘नागरिकांना’. परकीयांना तिथे अर्धं वाक्यही नाही. जपानी न्यायालयाने निदान दार उघडलं आणि मग उंबरठा उंच केला. पण राहून अनुभवलं की या दोन्हींतला फरक फारसा सुखद वाटत नाही. माझ्या ओळखीत लिहिण्यामुळे कुणाचा व्हिसा अडलेला नाही. तरी आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी लांबलचक मजकूर टाकतं, पाच मिनिटांत उडवतं आणि खाली लिहितं, ‘सॉरी, नोव्हेंबरात रिन्यूअल आहे.’ त्याने तो निकाल वाचलेला नसतो. वाकु मात्र त्याला पाठ असते.

ही चौकट बोलण्यापुरती राहिली नाही. 1980 नंतर बोटांचे ठसे द्यायला नकार देण्याची चळवळ उभी राहिली. त्यात बहुतेक कोरियन वंशाचे, जपानातच जन्मलेले लोक होते. जपानी माणसाशी लग्न झालेल्या एका अमेरिकी बाईंनीही ठसा नाकारला. 1982 मध्ये त्यांना काही दिवस कोरियाला जाऊन यायचं होतं, तर परत येण्याचा परवाना नाकारला. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, परकीयाला घटनेने तात्पुरतं बाहेर जाऊन येण्याचा हक्क दिलेला नाही, आणि आधार घेतला त्याच 1978 च्या निकालाचा. ठसे 1993 मध्ये कायम रहिवाशांसाठी आणि 2000 मध्ये सगळ्यांसाठी बंद झाले. 2007 च्या नोव्हेंबरात विमानतळावर ते परत सुरू झाले. वसाहतकाळापासून राहणाऱ्या कोरियन-तैवानी कुटुंबांना यातून सूट मिळाली. आम्हाला मात्र वीस वर्षं राहूनसुद्धा नरिताला दोन्ही तर्जन्या काचेवर ठेवाव्याच लागतात.

दुसरा गुंता ‘जूमिन’ या शब्दाचा. जूमिन म्हणजे रहिवासी. साधा, घरगुती शब्द. जपानच्या घटनेच्या 93 व्या कलमात स्थानिक प्रतिनिधी जूमिन निवडतील असं म्हटलंय. रहिवासी कर तो जूमिनझेइ, तो परकीयही भरतो. पण वॉर्ड ऑफिसातून मिळणारा जूमिन्ह्यो, म्हणजे घरात कोण कोण राहतं याचा उतारा, त्यात 2012 पर्यंत परकीयाचं नाव येत नसे. 1967 च्या कायद्याने जपानी नागरिक नसलेल्यांना त्या नोंदवहीतून वगळलं होतं. आमची नोंद वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या दप्तरात. रेशनकार्डावर नाव नाही, पण पोलीस चौकीच्या वहीत आहे, असा काहीसा प्रकार.

याचं प्रत्यक्ष रूप मी पहिल्यांदा 2004 मध्ये एका मित्राच्या घरी पाहिलं. तो पुण्याचा, बायको जपानी, मुलगा बालवाडीत. बालवाडीला उतारा हवा होता. त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून बायकोचं नाव, खाली मुलाचं. बस्स. भाडं, वीज, विमा, कर सगळं ज्याच्या खात्यातून जायचं तो माणूस त्या घरात राहतच नव्हता. कागदावरून पाहिलं तर ती एकटी आई होती. विनंती केली तर शेऱ्याच्या जागेत ‘प्रत्यक्षातला कुटुंबप्रमुख’ म्हणून त्याचं नाव लिहून मिळे, तेही काउंटरवरच्या माणसाला नियम माहीत असला तर. मित्र हसून म्हणाला, ‘मी शेरा आहे.’

त्याच्या आधीच्याच वर्षी सील या समुद्री प्राण्याचं प्रकरण झालं होतं. 2002 च्या ऑगस्टमध्ये तामा नदीत एक दाढीवाला सील दिसला. देशभर त्याचं वेड लागलं, नाव पडलं तामा-चान. पुढे तो योकोहामाच्या नदीत गेला आणि फेब्रुवारी 2003 मध्ये तिथल्या निशी वॉर्डाने त्याला मानाचा जूमिन्ह्यो दिला, ‘निशी तामाओ’ या नावाने. बातम्यांत सगळे कौतुकाने हसत होते. काही परकीय रहिवाशांनी गालांवर मिशा रंगवून योकोहामात मोर्चा काढला : सीलला मिळतो, मग कर भरणाऱ्या आम्हाला का नाही? टीव्हीने तेही गंमत म्हणूनच दाखवलं. परकीयाने रोजच्या बातमीवर दिलेल्या मतांमध्ये माझ्या मते हे सर्वात नेमकं. अपमान होता, पण तो त्यांनी ओरडून सांगितला नाही. आणि प्रश्नाला तर्काने उत्तर देणं कुणालाच शक्य नव्हतं.

त्या काळात परकीयाचं मत हा करमणुकीचाच माल होता. 1998 ते 2002 या वर्षांत शंभरेक परकीयांना स्टुडिओत बसवून जपानी चालीरीतींवर भांडायला लावणारा एक कार्यक्रम जोरात चालला. जितकं मोडकं आणि रागीट जपानी, तितका टाळ्यांचा गजर. त्याच सुमारास, वाय-टू-के नंतर, टोकियोत आयटीवाले भारतीय येऊ लागले आणि निशी-कासाईत स्थिरावले. तोझाई या मेट्रो लाइनने ओतेमाची हा कचेऱ्यांचा भाग जवळ, आणि तिथल्या सार्वजनिक वसाहतीत जामीनदार लागत नसे, घरमालकाला द्यायची नापरतीची ‘कृतज्ञतेची रक्कम’ही नसे. खाजगी घरमालकाकडे ‘गाइजिन (परकीय) चालत नाही’ हे दलालाच्या तोंडून ऐकून आलेल्या माणसाला याचं मोल कळतं. त्याच्या दशकभर आधी, 1990 च्या कायद्याने जपानी वंशाचे ब्राझिलियन हामामात्सुच्या कारखान्यांत आणले गेले होते. 2009 च्या मंदीत सरकारने त्यांना परत जाण्यासाठी कामगाराला तीन लाख आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला दोन लाख येन देऊ केले. ‘परत जा’ हे वाक्य तेव्हा अगदी अदबीने, फॉर्म आणि शिक्क्यासह म्हटलं गेलं.

9 जुलै 2012 ला जुना नोंदणी कायदा गेला. झाइर्यू कार्ड, म्हणजे परकीयाचं वास्तव्याचं ओळखपत्र, आलं आणि परकीयांची नावं जूमिन्ह्योत आली. मित्र शेऱ्यातून वर चढला. वर्षभराच्या आत परतणाऱ्यांना पुनर्प्रवेशाच्या शिक्क्याची गरज राहिली नाही. आधी एकदा बाहेर जाऊन यायला 3,000 येन आणि कितीही वेळा जायला 6,000 मोजावे लागत. व्हिसा नसलेले लोक मात्र यात नोंदीतून पूर्णच गळाले, त्याची चर्चा कमी झाली.

पण उताऱ्यातला जूमिन आणि 93 व्या कलमातला जूमिन एक नव्हे. 1995 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की त्या कलमातल्या रहिवाशांत परकीय येत नाहीत. मात्र कायम रहिवाशांना स्थानिक मतदान देणारा कायदा संसदेने केला तर घटनेची आडकाठी नाही. संसदेने तो केलेला नाही. कावासाकी शहराने 1996 मध्ये परकीय रहिवाशांची सल्लागार सभा सुरू केली, ती मत मांडू शकते, मत देऊ शकत नाही. 2021 च्या डिसेंबरात टोकियोच्या मुसाशिनो शहरात तीन महिने राहिलेल्या परकीयालाही स्थानिक सार्वमतात भाग देण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. त्या सार्वमताचा कौल बंधनकारकही नव्हता. तरी देशभरातून प्रचारगाड्या भोंगे लावून त्या लहानशा शहरात आल्या आणि प्रस्ताव पडला. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेला मराठी माणूस आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अभिमानाने झळकला. तो परकीय म्हणून निवडून आला नव्हता, जपानी नागरिक होऊन, भारतीय पासपोर्ट सोडून उभा राहिला होता. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व देत नाहीत. त्या बातम्यांत ही किंमत शेवटच्या परिच्छेदात होती.

2018 च्या अखेरीस कामगारांसाठी नवे व्हिसे मंजूर करताना सरकारने ठासून सांगितलं की हे स्थलांतराचं धोरण नव्हे. ‘इमिन’, स्थलांतरित, हा शब्द सरकारी तोंडात बसतच नाही. येणारा ‘परकीय मनुष्यबळ’ असतो. शब्द नाही, आकडे मात्र आहेत : 1990 मध्ये पावणेअकरा लाखांच्या आसपास असलेले परकीय रहिवासी 2024 अखेर 37,68,977 झाले. त्यांत भारतीय पन्नास हजारांच्या पुढे. जुलै 2025 च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘आधी जपानी’ म्हणणाऱ्या एका नव्या पक्षाला 14 जागा मिळाल्या. महिनाभरात आणखी एक प्रकार झाला. चार जपानी गावांना चार आफ्रिकी देशांचं ‘होमटाउन’ ठरवणारी देवाणघेवाणीची योजना जाहीर झाली, तिचा अर्थ लोकांनी ‘आमच्या गावात वसाहत’ असा घेतला, गावांच्या कचेऱ्यांत फोन खणखणत राहिले आणि सप्टेंबरमध्ये योजनाच मागे घेतली गेली.

जून 2024 मध्ये संसदेने आणखी एक दुरुस्ती केली, ती 2027 पर्यंत लागू व्हायची आहे. कर किंवा सामाजिक विम्याचे हप्ते जाणूनबुजून बुडवले तर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, काढून घेता येईल. कर बुडवणाऱ्या जपानी माणसाला दंड आणि जप्ती, परकीयाला त्याशिवाय ही टांगती तलवार. पीआर मिळेपर्यंत बेताने बोलायचं आणि मिळाल्यावर मनातलं लिहायचं, असा आमच्यातल्या अनेकांचा बेत असतो. आता त्या कार्डाखालीही वाकु आहे. आणि ज्यांना पीआर नाही त्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2025 मध्ये काउंटरवर 4,000 वरून 6,000 येन झालं.