ड्रेसिंग ड्रम

शस्त्रक्रियेच्या जखमेवर लावायचे गॉज, कापसाचे पॅड आणि पट्ट्या निर्जंतुक करून ठेवण्याचा धातूचा गोल, झाकणाचा डबा. मुंबईच्या वॉर्डांत याला नुसते 'ड्रम' म्हणतात. टाके चिघळले की संशय आधी ऑपरेशन थिएटरवर जातो, ड्रमकडे उशिरा.

ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतू मारणाऱ्या कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे बर्लिनमध्ये बेर्गमान व शिमेलबुश या शल्यचिकित्सकांनी औषधाच्या जागी वाफ आणली. आजचा ड्रम हा शिमेलबुशच्या डब्याचाच वंशज.

ड्रमच्या कडेला भोके आणि ती झाकणारी सरकती पट्टी असते. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, भोके उघडी ठेवतात, बाहेर काढताच बंद करतात. साधारण १२१ अंश सेल्सिअसची, १५ पौंड दाबाची वाफ गॉजच्या घडीघडीतून जावी लागते. म्हणून ड्रम कोंबून भरत नाहीत. भरल्यावरही हात आत सहज सरकला पाहिजे. हवा अडकली तर तिथे वाफ पोहोचत नाही. ड्रमवर लावलेल्या, वाफेच्या उष्णतेने रंग बदलणाऱ्या टेपवरचे पट्टे मात्र काळे होतातच, कारण ती टेप बाहेरून चिकटवलेली असते! खरी परीक्षा गॉजच्या आत ठेवलेल्या, रंग बदलणाऱ्या सूचकाची आणि अधूनमधून लावायच्या जिवाणू-बीजाणूंच्या चाचणीची.

ड्रम ओला निघाला तर तो निर्जंतुक धरत नाहीत. ओलाव्याच्या वाटेने जंतू बाहेरून आत झिरपतात. जुलैतल्या दमट मुंबईत 'जरासाच ओलसर आहे' हे वाक्य म्हणूनच महागात पडते.

त्याहून मोठी अडचण वॉर्डात. सकाळच्या ड्रेसिंगच्या फेरीत मावशी झाकण धरतात, सिस्टर चिमट्याने गॉज काढतात, डोक्यावर पंखा फिरत असतो आणि तोच ड्रम खाटेखाटेला उघडतो. जास्त निघालेले गॉज परत आत टाकायचे नसते. आधी स्वच्छ जखमा, पू असलेल्या शेवटी, आणि प्रत्येक रुग्णानंतर हात स्वच्छ. एका रुग्णाला एक छोटे पाकीट ही पद्धत ड्रमपेक्षा केव्हाही बरी. पाकिटे न वापरण्यामागचे खर्चाचे कारण मला फारसे पटत नाही.

ड्रेसिंगच्या वरची चिकटपट्टीही निर्दोष नसते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चिकट लवचिक पट्ट्यांवरच्या रायझोपस बुरशीने रुग्णांच्या त्वचेला संसर्ग झाला होता. घरी ड्रेसिंग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की केमिस्टकडची कापसाची गुंडाळी सहसा निर्जंतुक नसते. रुग्णालयात काढलेले मळके ड्रेसिंग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाते.